एकतीस नोव्हेंबरचं पाणी

पाणीपुरवठा खात्यात सगळे त्यांना बिनखाडे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. ही पदवी होती, आणि ती त्यांनी सायकल दामटून मिळवली होती. रोज सकाळी सात वाजता गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं, पंपघराच्या भिंतीला लागून पाण्यात उतरलेली मोजपट्टी वाचायची आणि पाणी किती मीटर किती सेंटिमीटर आहे ते वहीत लिहायचं, एवढंच त्यांचं काम. कोणालाही जमेल असं. पण ते १ जून १९९१ पासून रोज करायचं म्हटल्यावर कोणालाही जमणार नाही असं. रविवार नाही, सुट्टी नाही, लग्नकार्य नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते सातला तळ्यावर होते आणि साडेनऊला धापा टाकत हॉलवर पोचले. सासऱ्यांनी घाबरून विचारलं, "सगळं ठीक ना?" तर नवरदेव घाम पुसत म्हणाले, "हो. दोन सेंटिमीटर उतरलंय."

बायकोने त्याच क्षणी ओळखलं की या संसारात आपल्याला एक सवत आहे, आणि ती चार-सहा मीटर खोल आहे.

पदवी एवढी अंगाला चिकटली होती की मुख्य कार्यालयातून पत्रं 'श्री. बिनखाडे' या नावाने येत. बिनखाडे ती नीट घडी घालून ठेवत. दुरुस्त करायची त्यांना कधी घाई झाली नाही.

येत्या २९ फेब्रुवारीला ते निवृत्त होणार होते. मोठ्या साहेबांनी मानपत्र द्यायचं ठरवलं होतं आणि मजकूर मागितला होता. बिनखाड्यांनी तीन संध्याकाळी खर्ची घालून एकच ओळ लिहून दिली: 'अकरा हजार नऊशे बासष्ट दिवस, एकही खाडा नाही.' दिवस त्यांनी दोनदा मोजले होते, एकदा पुढून आणि एकदा मागून. साहेब म्हणाले, "अहो, थोडं कर्तव्यनिष्ठा वगैरे घालू या की." बिनखाडे म्हणाले, "ते वगैरे तुम्ही घाला. ही ओळ खरी आहे, ती तेवढी राहू द्या." हॉलमधल्या भिंतीवर घड्याळाखालची जागा त्यांनी मानपत्रासाठी मोकळी करून ठेवली होती. खिळासुद्धा ठोकून झाला होता. बायको त्या खिळ्यावर पिशवी अडकवायची आणि ते ती काढून ठेवायचे, असं महिनाभर चाललं होतं.

आणि नेमकी त्याच सुमाराला खात्यात इंजिनीअरबाई आली.

ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती, कामाला विजेसारखी आणि बोलायला लोण्यासारखी. तिला बिनखाड्यांच्या तेहतीस वर्षांच्या वह्या कॉम्प्युटरमध्ये घालायच्या होत्या.

"काका, तुमच्याशिवाय हे अक्षर कोणाला लागणार? तुम्हीच भरा."

"भरतो. तारीख कुठे लिहायची?"

"तारीख तुम्ही नेहमीसारखी लिहा. तो आत तिचे सेकंद करतो."

"कसले सेकंद?"

"कॉम्प्युटरला तारीख कळत नाही, काका. महिने, वार, लीप वर्ष, सगळा त्याच्या डोक्याला ताप. म्हणून तो फक्त सेकंद मोजतो. १ जानेवारी १९७० ला रात्री बाराला शून्य. तिथून पुढे एकेक."

"का? त्या दिवशी काय झालं होतं?"

"काहीच नाही. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून."

"आणि त्याच्या आधीचं सगळं?"

"ते उण्यात."

बिनखाडे जरा गंभीर झाले. "म्हणजे मी चौसष्ट सालचा. मी उण्यातला?"

घरी आल्यावर त्यांनी ही बातमी बायकोला दिली. बायको पोळी उलटत म्हणाली, "त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो? मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशीच कळलं होतं."

पण यंत्राने केलेला हिशेब बिनखाडे डोळे मिटून मानतील, हे शक्यच नव्हतं. त्यांनी इंजिनीअरबाईकडून रीत समजून घेतली. सत्तर सालापासून किती वर्षं झाली, त्यांना तीनशे पासष्टने गुणायचं. मध्ये जितकी लीप वर्षं गेली तितके दिवस मिळवायचे. चालू वर्षाचे उलटलेले दिवस मिळवायचे. आणि त्या सगळ्याला शहाऐंशी हजार चारशेने गुणायचं, कारण एका दिवसात तितके सेकंद. वाचन रोज सातचंच, म्हणून तासांच्या भानगडीत पडायचं नाही, नुसता दिवस धरायचा. हे समजल्यावर बिनखाड्यांचा चेहरा असा उजळला, की जणू आयुष्यभर पाणी मोजणाऱ्या माणसाला कोणी काळाची मोजपट्टी आणून दिली.

आणि मग ते सुटलेच.

ते एका बोटाने टाइप करत. तारीख, मीटर, सेंटिमीटर. शेजारच्या रकान्यात यंत्र सेकंद दाखवी. ते सेकंद बिनखाडे कागदावर उतरवून घेत आणि पुढच्या दिवसाच्या सेकंदांतून ते वजा करत. उत्तर शहाऐंशी हजार चारशे आलं की लाल पेन्सिलीने टिंब. इंजिनीअरबाईला ताज्या नोंदी आधी हव्या होत्या, म्हणून काम उलटं चाललं होतं, आजपासून मागे मागे. रेकॉर्ड रूममध्ये एक टेबल, एक पंखा, तीन कपाटं आणि वर एक झरोका. त्या झरोक्यातून येणारं ऊन टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर आलं की अडीच वाजलेले असत. तेव्हा बिनखाडे डबा उघडत. एरवी वर बघायला त्यांना सवड नव्हती.

घरात या सेकंदांचा फार उपद्रव झाला. भाजी शिजायला 'दीड हजार' लागू लागले. मुलीचा फोन आला की, "तू शेवटची येऊन गेलीस त्याला एक कोटी वीस लाख झाले, बाळा," असं ऐकवलं जाऊ लागलं. मुलगी घाबरून आईला विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" आई सांगायची, "बरे आहेत. मोजतायत."

सतरा जानेवारीला कहर झाला. सकाळी अकरा वाजून शेहेचाळीस मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी बिनखाड्यांनी ऑफिसातून घरी फोन लावला. तो लावण्यासाठी ते पाच मिनिटं आधीपासून घड्याळाकडे बघत उभे होते.

"अभिनंदन!" ते म्हणाले.

"कोणाचं?"

"आपलं. आत्ता या क्षणी लग्नाला शंभर कोटी सेकंद झाले. दहाला लागलं होतं ना?"

पलीकडे फोडणी तडतडली. मग बायको म्हणाली, "शंभर कोटी! आणि त्यातले माझ्याशी बोलण्यात किती गेले, तेही काढून ठेवा. संध्याकाळी सांगा. आणि येताना कोथिंबीर आणा."

बिनखाड्यांनी कोथिंबीर आणली. शिवाय गजरा आणला. गजरा ते एरवी आणत नसत, त्यामुळे बायकोला आधी वाटलं कोथिंबिरीच्या जुडीबरोबर चुकून आला असावा.

असं सगळं आनंदात चाललं असताना, आठ फेब्रुवारीला दुपारी, १९९५-९६ च्या वहीत बिनखाड्यांना घाम फुटला.

त्यांनी १ मार्चचं वाचन भरलं होतं. त्याच्या मागचं भरलं. वजाबाकी केली. उत्तर आलं एक लाख बहात्तर हजार आठशे.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वजाबाकी केली. मग यंत्रावर विश्वास न ठेवता दोन्ही तारखांचे सेकंद पहिल्यापासून हाताने काढले. एक लाख बहात्तर हजार आठशे. शहाऐंशी हजार चारशेची बरोबर दुप्पट. म्हणजे मधला एक अख्खा दिवस नव्हता.

त्यांनी वहीचं पान नीट पाहिलं. फेब्रुवारीच्या छापील पानावर अठ्ठावीसच रांगा होत्या. शेवटच्या रांगेत त्यांच्या रेखीव अक्षरात '४.१४', खाली त्या वेळच्या साहेबांची सही, उलटल्यावर मार्च, पहिल्या रांगेत '४.०८'. आणि शहाण्णव हे तर लीप वर्ष. एकोणतीस तारीख हवी होती. इतर लीप वर्षांच्या वह्यांत ती होती. याच वहीत नव्हती. त्या वर्षी वही ज्याने छापली त्या बहाद्दराला साल चाराने भागून बघायला कोणी शिकवलं नव्हतं, हे उघड होतं. पण छापखाना चुकला तर चुकला. बिनखाडे कुठे होते? रांग नाही म्हटल्यावर त्यांनी पट्टीने रेघ ओढून रांग केली असती! ते तसल्या स्वभावाचे होते. रेघ नाही, म्हणजे ते त्या दिवशी वहीपाशी आलेच नाहीत. याचा दुसरा अर्थ निघत नव्हता, आणि बिनखाड्यांनी काढायचा पुष्कळ प्रयत्न केला.

वरिष्ठांच्याही लक्षात आलं नव्हतं, यात नवल नाही. वरिष्ठ सही कुठे करायची ते बघतात, पाणी बघत नाहीत.

शेजारच्या खोलीतला स्टोअरकीपर नेहमीप्रमाणे तंबाखू मळत आत आला. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले होते, आणि स्टोअरकीपरने या काळात एवढे खाडे केले होते की दोघांची सरासरी काढली तर सामान्य माणूस निघाला असता.

"काय रे, कोणी गेलं का?" बिनखाड्यांचा चेहरा बघून त्याने विचारलं.

"दिवस गेला एक," बिनखाडे म्हणाले, आणि वही पुढे केली.

स्टोअरकीपरने वही पाहिली, कागद पाहिला, आणि हसून टेबलावर बसला. "एवढंच? अरे, अलीकडे चार चौदा, पलीकडे चार आठ. मधे टाक चार अकरा. शाळेतलं पोर सांगेल."

"मी पाहिलेलं लिहितो."

"पाणी त्या दिवशी तळ्यात होतं ना? का तेही रजेवर होतं?"

"होतं. पण मी पाहिलं नाही."

"तुला आठवतंय का, पाहिलं नाही ते?"

"नाही."

"मग पाहिलं असशील! अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं कोण बघायला आलंय? तीन आठवड्यांवर मानपत्र आलंय, बाबा. एक आकडा टाक आणि मोकळा हो."

बिनखाड्यांनी पेन्सील उचलली. खोटं कशाला बोला, त्यांनी ती रकान्यापर्यंत नेलीसुद्धा. चार अकरा. किती साधा, सालस आकडा! पण तेहतीस वर्षं ज्या हाताने बघितल्याशिवाय एक सेंटिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता, तो हात कागदावर टेकेचना. त्यांनी पेन्सील परत कानावर ठेवली.

"तू म्हणजे ना," स्टोअरकीपर उठत म्हणाला, "तू बुडत असलास तरी आधी किती खोल आहे ते वाचशील."

त्या संध्याकाळी बिनखाडे जेवताना काही मोजेनात. भाजीला किती सेकंद लागले हे विचारेनात. खिळ्यावर पिशवी अडकवलेली होती, ती त्यांनी काढली नाही. बायकोच्या हे सगळ्यात आधी लक्षात आलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"पिशवी तशीच आहे."

"राहू दे. मानपत्र नको म्हणून सांगणार आहे साहेबांना."

बायकोने ताट बाजूला सारलं. "नीट सांगा."

"एक खाडा निघाला. एकोणतीस फेब्रुवारी, शहाण्णव." त्यांचा आवाज उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा खाली गेला होता. "गुरुवार होता. मी गेलोच नाही. आणि इतकी वर्षं सगळ्यांकडून बिनखाडे म्हणवून घेतोय."

 बायकोने पाण्याचा तांब्या उचलला, भरलेलाच होता तरी पुन्हा भरला, आणि जागेवर ठेवला.

"सगळ्या वह्या झाल्या का?"

"नाही. अजून पाच सालं बाकी आहेत. पण आता काय करायचंय?"

"सगळं बघितल्याशिवाय तुम्ही कधीपासून बोलायला लागलात?" ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "उरलेल्या बघा आधी. दिवस काय उंदीर खात नाहीत. तोंड पाडून बसायचं असेल तर नंतर बसा, मीही बसते सोबतीला."

बिनखाड्यांना हे पटलं. पटलं नसतं तरी ते गेलेच असते. घरात तोंड पाडून बसायला परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागे जायला लागले. फेब्रुवारी, जानेवारी. लाल टिंबं पडत होती, पण त्यात आता गंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी अडीचला ऊन टेबलाच्या कोपऱ्यावर आलं तेव्हा ते डिसेंबरच्या एक तारखेपर्यंत आले होते. सहा मीटर एक्याऐंशी. त्यांनी पान उलटलं. नोव्हेंबर. सगळ्यात खालची रांग भरली, वजाबाकी केली, आणि उत्तर आलं शून्य.

शून्य सेकंद! दोन दिवस एकाच क्षणी? बिनखाड्यांनी आधी यंत्राकडे संशयाने पाहिलं, मग वहीकडे.

नोव्हेंबरच्या पानावर एकतीस रांगा छापलेल्या होत्या. त्याच बहाद्दराची करामत; मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायलाही त्याला कोणी शिकवलं नव्हतं. फेब्रुवारीचा दिवस खाल्ला तो त्याने नोव्हेंबरला आधीच देऊन ठेवला होता. आणि ती एकतिसावी रांग रिकामी नव्हती. यंत्राला एकतीस नोव्हेंबर अशी तारीख ठाऊक नसल्यामुळे, तीसच्या पुढचा दिवस तो एक डिसेंबर, असं समजून त्याने मुकाट्याने दोन्ही नोंदींना तेच सेकंद चिकटवले होते.

बिनखाड्यांचं लक्ष मात्र सेकंदांवर नव्हतं. ते पाण्याकडे बघत होते. तीस नोव्हेंबरला सहा चौऱ्याऐंशी. एक डिसेंबरला सहा एक्याऐंशी. आणि या दोघांच्या मधल्या त्या नसलेल्या दिवशी, चार बारा.

तळं एका दिवसात पावणेतीन मीटर उतरून दुसऱ्या दिवशी परत भरलं, असं म्हणायला ते काय बादली होतं? चार बारा हे नोव्हेंबरचं पाणीच नव्हतं. चार चौदा, चार बारा, चार आठ. हे फेब्रुवारी संपतानाचं पाणी होतं! हे त्यांचं हरवलेलं पाणी होतं, आणि ते तीन महिने मागे येऊन, दुसऱ्याच्या घरात, जास्तीच्या खाटेवर झोपलं होतं.

बिनखाडे खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, आणि मग त्यांनी ते अक्षर पाहिलं. त्यांचा चार सुईसारखा उभा असे. हा चार गोलमटोल होता, वर दोन फाटे, खाली गाठ; केसांना रिबीन बांधावी तसा. असा चार ते तीस वर्षं वाण्याच्या यादीवर, गॅसच्या कार्डावर आणि मुलीच्या प्रगतिपुस्तकाखाली बघत आले होते.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. वही पिशवीत घातली आणि सायकल हाणत घरी आले. बायको कपडे घडी घालत होती. त्यांनी वही तिच्यासमोर पलंगावर उघडून ठेवली आणि एकतिसाव्या रांगेवर बोट ठेवलं.

"हा चार कोणाचा?"

बायकोने बघितलं. मग हातातला शर्ट तिसऱ्यांदा घडी घातला.

"सापडला का," ती म्हणाली. "मला तरी कुठे आठवत होतं कुठल्या पानावर लिहिलं ते."

"तू तळ्यावर गेली होतीस?"

"मग काय तळं घरी येणार होतं? तुम्हाला गालगुंड झालं होतं. आठवतंय का? तोंड असं झालं होतं, भोपळ्यासारखं. तीन दिवस मफलर गुंडाळून गेलात. कोणी जवळ येत नव्हतं. चौथ्या दिवशी ताप एकशे चार. उठून उभे राहिलात आणि पडलात. आणि पडल्या पडल्या रडायला लागलात. खाडा, खाडा, खाडा. मला वाटलं हा माणूस तापाने नाही जाणार, खाड्याने जाणार."

"मला काहीच आठवत नाही."

"कसं आठवेल? तुमचाच कोट घातला, तुमचाच मफलर तोंडाला बांधला, सायकल घेतली आणि गेले. रखवालदाराने लांबूनच सलाम ठोकला. तुम्हाला ठोकत नसेल एवढा वाकून. गालगुंडाच्या भीतीने जवळ मात्र आला नाही."

"आणि मोजपट्टी? पाण्याच्या रेषेला डोळा समांतर ठेवून…"

"गुडघ्यावर बसून, डोळा समांतर ठेवून वाचली. चार वर्षं रोज जेवताना तेच ऐकत होते की. वही उघडली तर फेब्रुवारीचं पान भरलेलं. एकही रांग शिल्लक नाही. नवं पान माझ्या हाताने सुरू करायचं बरं वाटेना, म्हणून मागे उलटत गेले. नोव्हेंबरात एक रांग रिकामी दिसली, चांगली छापलेली, आकडा घातलेली. म्हटलं, जास्तीची म्हणून ठेवली असेल यांनी. लिहून टाकलं."

"एकतीस नोव्हेंबरला!"

"रांग होती!" बायको म्हणाली. "माझी काय चूक?"

बिनखाडे पलंगाच्या कडेवर बसले. "आणि मला सांगितलं नाहीस."

"घरी आले तर तुमचं आपलं चालूच. खाडा, खाडा. मी म्हटलं, अहो, तुम्ही जाऊन आलात. तुम्ही म्हणालात, आलो का? म्हटलं, आलात की. किती? चार बारा. मग 'हं' केलंत आणि झोपलात, ते थेट दुसऱ्या दिवशी पहाटे उठलात. ताप उतरला होता. आता बऱ्या झालेल्या माणसाला कशाला सांगायचं? पुढे सगळे बिनखाडे म्हणायला लागले, तुम्हीही खूश. राहून गेलं."

बिनखाड्यांनी त्या गोलमटोल चारावरून बोट फिरवलं.

"म्हणजे खाडा झालाच."

"तुमचा झाला," बायको म्हणाली. "वहीचा नाही."

 बिनखाड्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. डोळे बारीक झाले, ओठ हलू लागले. बायकोने ओळखलं की मोजणी सुरू झाली.

"चौदा आणि आठचा मध्य अकरा," ते पुटपुटले. "तो म्हणत होता अकरा लिही. खरं होतं बारा! अगं, एका सेंटिमीटरने खोटं लिहिलं असतं मी. जन्मभर लागलं असतं. बरोबर वाचलंस तू."

"मग? न वाचायला काय झालं?" बायको म्हणाली, पण कपडे कपाटात ठेवताना तिची पाठ खूश दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बिनखाडे इंजिनीअरबाईपुढे जाऊन उभे राहिले आणि गालगुंडापासून सगळं सांगितलं. ती हसता हसता खुर्चीतून घसरायची बाकी राहिली, आणि मग एकदम सरळ बसली.

"काका, बरं झालं तुम्ही हाताने तपासत होतात. एकाच क्षणाच्या दोन नोंदी आल्या की माझा प्रोग्राम त्यातली एक उडवतो. काकूंचं पाणी गेलं असतं."

"गेलं असतं?"

"कायमचं. कोणाला कळलंही नसतं."

गालगुंड झालेल्या माणसाकडे लोक बघतात तसं बिनखाड्यांनी यंत्राकडे बघितलं. मग दोघांनी मिळून ती नोंद उचलली आणि तिच्या जागी नेऊन ठेवली: ब्याऐंशी कोटी पंचावन्न लाख बावन्न हजार. एका बाजूला शहाऐंशी हजार चारशे, दुसऱ्या बाजूलाही शहाऐंशी हजार चारशे. बिनखाड्यांनी दोन लाल टिंबं दिली, आणि ती इतर टिंबांपेक्षा जरा ठळक आली. इंजिनीअरबाईने शेवटी एक नवा रकाना घातला, 'कोणी वाचलं'. अकरा हजारांवर रांगांत त्यांचं नाव, आणि एका रांगेत बायकोचं.

साहेबांकडे जाऊन त्यांनी मानपत्राच्या ओळीत एक शब्द घालून घेतला. 'अकरा हजार नऊशे बासष्ट दिवस, वहीत एकही खाडा नाही.'

"वहीत कशाला?" साहेब म्हणाले. "ओळ लांबते."

"लांबू द्या," बिनखाडे म्हणाले. "खरी राहते."

स्टोअरकीपरने त्याच दिवशी त्यांचं नवं नाव जाहीर केलं: एकखाडे. पण ते तोंडात बसेना. चार दिवसांत सगळे पुन्हा बिनखाड्यांवर आले.

एकोणतीस फेब्रुवारीला सकाळी बिनखाडे शेवटचं वाचन घ्यायला निघाले तेव्हा बायको चपला घालून दारात उभी होती.  सायकल हातात धरून दोघं चालतच गेले. तळ्यावर गार वारा होता. रखवालदार आता दुसरा होता. त्याने सलाम केला तो दोघांना मिळून एकच. बिनखाड्यांनी पंपघराचं दार उघडून वही काढली आणि आधी फेब्रुवारीचं पान तपासलं. एकोणतीस रांगा होत्या. मग त्यांनी पेन्सील बायकोच्या हातात दिली.

ती पायरीवर गुडघे टेकून बसली, डोळा पाण्याच्या रेषेला समांतर आणला. "चार तेवीस."

ते तिच्यामागून वाकले. "चोवीस आहे."

"तेवीस."

"लाट जाऊ दे. आता बघ. चोवीस."

"लाट गेल्यावरच सांगतेय. वाचतंय कोण?"

बिनखाडे सरळ झाले. "तू."

तिने वहीत ४.२३ लिहिलं, रिबिनीचा चार घालून, आणि यावेळी बरोबर रांगेत.

समारंभ तीनला झाला. मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या, स्टोअरकीपर बोलता बोलता रडला आणि मग म्हणाला की तंबाखू डोळ्यात गेली. संध्याकाळी पिशवी खिळ्यावरून उतरली आणि मानपत्र वर चढलं. बिनखाड्यांनी ते तीनदा सरळ केलं, आणि बायकोने चौथ्यांदा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बिनखाडे नेहमीप्रमाणे उठून बसले आणि पायाने चपला शोधू लागले.

"झोपा," अंधारातून बायको म्हणाली. "आज खाडा."

ते परत आडवे झाले, पण झोप लागली नाही. छताकडे बघत पडून राहिले. बाहेर उजाडलं, दूधवाल्याची घंटा वाजली, वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली भरली. हॉलमधल्या घड्याळाचे सातचे टोले पडले. बिनखाड्यांनी श्वास रोखून धरला आणि मनातल्या मनात पुढचा सेकंद मोजला. मग त्याच्या पुढचा. साठपर्यंत मोजले. काहीही झालं नाही. तळं असेल तिथे असणार, आणि नवा माणूस गुडघ्यावर बसून ते वाचत असणार. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, की आपल्याला बरं वाटतंय. अगदी मनापासून, लोळत पडावं इतकं बरं.

"अगं," ते म्हणाले, "चहा?"

बायकोने कूस बदलून पांघरूण डोक्यावर ओढलं.

"माझाही आज खाडा," ती आतून म्हणाली. "साखर डावीकडच्या डब्यात आहे."